चाचा, पुढचे मासे उलटेच पोहतात

चाचा,

तुम्ही गेलात त्या दिवशी आरमोरीच्या बाजारातली सगळी माणसं घड्याळांबद्दल बोलत होती. कोणाच्या लग्नातलं बंद पडलेलं घड्याळ तुम्ही कसं चालू केलंत, कोणाच्या आजोबांच्या घड्याळाचं तिळाएवढं चाक मिळत नव्हतं तर तुम्ही ते स्वतःच कसं घडवलंत. मी भिंतीला टेकून ऐकत होते. सगळं खरंच होतं. पण राहून राहून वाटत होतं, कोणीतरी भोकांबद्दलही बोलावं. गेली चार वर्षं तुम्ही पितळी पत्र्यात जी भोकं कापत बसायचात त्यांच्याबद्दल. मीच बोलले असते, पण रडणाऱ्या माणसांत उभं राहून "चाचा भोकं फार सुंदर पाडायचे" असं म्हणायची हिंमत झाली नाही. म्हणून आता लिहिते.

सुरुवात माझ्यापासूनच झाली होती, हे कबूल. माझा फोटो स्टुडिओ आणि तुमचं घड्याळाचं दुकान, मध्ये एक भिंत. तुमच्याकडे गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, कारण वेळ मोबाईलमध्ये दिसते. माझ्याकडेही कमी होत चाललं होतं, कारण फोटोही मोबाईलमध्येच निघतो. मी पासपोर्ट फोटो काढून काढून इतकी कंटाळले होते की माणूस दारातून आत आला की त्याचे कान दिसतात का तेवढंच बघायची. तशात नागपूरला एका ओळखीच्या फोटोग्राफरकडे ती लेन्स पाहिली. नवीच बनवलेली, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीची. सगळी पितळेची, फोकस करायला बाजूला एक गोल खुंटी, आणि वर एक फट. त्या फटीत पत्र्याची पत्ती उभी सोडायची. पत्तीला मधोमध भोक. भोक मोठं तर उजेड जास्त, लहान तर कमी. त्याने ती कंटाळून कपाटात टाकली होती. मी जुनी एक लेन्स देऊन ती घेऊन आले आणि घरी येऊन बघते तर पत्त्यांपैकी एकच शिल्लक.

तुमच्याकडे घेऊन आले तेव्हा तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत, लेन्स उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "रंजू, याच्यात तं काहीच नाई. ना स्प्रिंग, ना चाक. कोण बनवलं हे?"

"पत्ती पाहिजे चाचा. अशीच, पण भोक थोडं लहान."

"गोलच पाहिजे का?"

बस्स. तुमच्या त्या एका प्रश्नाने पुढची चार वर्षं गेली. कारण मी कुठेतरी वाचलं होतं की भोकाचा आकार जसा, तसाच आकार फोटोत मागच्या चमकणाऱ्या ठिपक्यांना येतो. भोक चांदणीचं असेल तर मागे चांदण्या. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. म्हणालात, "उजेड का पीठ होय, साच्यातून काढाले?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांदणी कापून ठेवलीत.

पहिली चांदणी इतकी नाजूक होती की ती नाकात घालता आली असती. आपण दोघं सकाळी तलावाच्या पाळीवर गेलो, मी पत्ती लेन्समध्ये सोडली, आणि काहीच झालं नाही. फोटो काळोखा, मागचं सगळं साफ दिसतंय, चांदणी एक नाही. तुमचा चेहरा पडला नाही, उलट खुलला. "मी म्हणलो होतो ना!" मग माझ्या लक्षात आलं की भोक फार लहान झालंय. मागचं पुसट व्हायला भोक मोठं लागतं. मी सांगितलं, चाचा, मोठं कापा. तुम्ही म्हणालात, "सारी जिंदगी बारीक काम केलो. मोठं काम मले जमत नाई." दोन दिवस लावलेत. दुसरी पत्ती मोठी होती पण पितळ चमकत होतं, फोटोभर पांढरा धूर आल्यासारखं दिसलं. तिला चिमणीच्या काजळीने काळी केलीत. ती काजळी माझ्या बोटांना, कॅमेऱ्याला, ओढणीला लागली. मग फळ्याचा काळा रंग आणलात.

आणि तो दिवस. माझे बाबा डोंग्यात उभे राहून जाळं टाकत होते. आम्ही ढीवर, बाबांचा दिवस तलावावरच उजाडतो. मी बाबांवर फोकस लावला. त्यांच्या मागे पाण्यावर ऊन हलत होतं, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघते तर पाणी नाहीच. नुसत्या चांदण्या. मधल्या सरळ, कडेच्या जरा वाकलेल्या, बाबांच्या भोवती गोल फिरत असल्यासारख्या. मी कॅमेरा तुमच्यापुढे धरला. तुम्ही बघितलंत, मान वर करून खऱ्या तलावाकडे बघितलंत, पुन्हा पडद्याकडे बघितलंत.

"पोट्टे," तुम्ही म्हणालात, "मी कापलो हे?"

"तुम्हीच कापलं."

"एकच कापलो होतो. हे तं हजार झाले!"

तुम्ही पाळीवरून बाबांना हाका मारायला लागलात. बाबा डोंगा घेऊन काठाला आले, ओल्या हातांनी कॅमेरा धरला, निरखून बघितलं आणि म्हणाले, "हे सारं ठीक हाय. मासे कुठी हायत?"

म्हणून मग तुम्ही मासा कापलात.

त्या माशावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुम्ही गेलात तरी मिटलेलं नाही. मासा सुरेख होता, शेपटीसकट. दवाच्या दिवसांत आपण धानाच्या बांधावर गेलो. मागे झाडांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाचे मासे झाले, सगळे डावीकडे तोंड करून. पण कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात गवतावर दव होतं, त्या दवाचेही मासे झाले होते, आणि ते उजवीकडे तोंड करून, वर पोट करून पोहत होते. तुम्ही म्हणालात, रंजू, तू कॉम्प्युटरवर काहीतरी उलटं केलंस. मी शपथ घेतली. तुम्ही मानलं नाही. तपासायला म्हणून बाण कापलात. मागचे बाण एकीकडे, पुढचे बाण बरोबर उलट. मग मी घरी मेणबत्ती आणि तुमचंच एक मोठं भिंग घेऊन बसले, भिंतीवर उजेड पाडून बघितला, आणि मला कळलं. दूरच्या ठिपक्याचे किरण कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत येण्याआधीच एकमेकांना ओलांडतात, जवळच्याचे ओलांडायचे राहतात. मी वहीत रेषा काढून तुम्हाला दाखवल्या. तुम्ही ती वही दहा मिनिटं बघत बसलात.

"रेषा ठीक हायत. पण ह्या रेषा तुले तिथी दिसल्या का?"

"दिसत नाहीत चाचा, समजून घ्यायच्या असतात."

"मंग तू समजून घे. मी पाहून राह्यलो तेवढंच मानीन."

घड्याळ उघडून समोर ठेवल्याशिवाय ज्याने आयुष्यात कशावर विश्वास ठेवला नाही त्याला मी रेषा दाखवत होते. चूक माझीच. पण चाचा, किरण ओलांडतातच. तुम्ही कितीही मान हलवलीत तरी ओलांडतात.

आता एक कबुली. तुमची चंद्रकोरीची पत्ती मी घरी विसरले नव्हते. ती पडली. कुरखेड्याच्या लग्नाला गेले होते. नवरीच्या मावशीला वाटलं की नवरा-नवरीचा फोटो धानाच्या बांधीतच व्हावा, मागे ऊन आणि त्यात तुमच्या चंद्रकोरी. चंद्रकोरी छान आल्या. नवरीने फोटो बघून आरडाओरडा केला, तिच्या बहिणी धावत आल्या, मला धक्का लागला आणि मी फटीतून पत्ती काढत होते ती हातातून सुटून चिखलात गेली. नवऱ्यासकट पाच-सहा जणांनी चिखल चाळला. नवऱ्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भरलं. नाही मिळाली. तुम्ही पंधरा दिवस रोज विचारत होतात, "चाँद आणली का?" आणि मी रोज "उद्या आणते" म्हणत होते. तुम्ही शेवटी विचारायचं थांबलात. मला वाटतं तुम्हाला कळलं होतं. नाहीतर तुम्ही दुसरी कापून, एक शब्द न बोलता, माझ्या टेबलावर कशाला ठेवली असती?

आलापल्लीच्या जंगलातल्या त्या दिवसाबद्दल लिहायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. चाचीला विचारलं. ती म्हणाली, "लिख दे. अब क्या छुपाना."

मोठे सागवान बघायचे, ही तुमची हौस. सारी उमर इथून तिथला सागवान ट्रकांवरून जाताना पाहिला, उभा असलेला कधी पाहिला नाही, असं तुम्ही म्हणायचात. पावसाळा संपत आला होता. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये तुम्ही पुढे, चाची मागे, तिच्या मांडीवर डबा. तुमची साखर वाढलेली, म्हणून ती तुम्हाला एकटं सोडायला तयार नव्हती. पण तुमच्याशी बोलतही नव्हती. गडचिरोली ओलांडली, आष्टी ओलांडली, दोघांत एक शब्द नाही. मला वाटलं, काहीतरी घरचं असेल.

तिथे फाटकावर वनरक्षकाने आपल्याला अडवलं. पितळेचं ते नळकांडं बघून त्याला शंका आली. "हे काय मोजाचं यंत्र होय का?" तुम्ही त्याला तिथेच बसवून चांदणी, मासा, पान, सगळ्या पत्त्या दाखवल्यात. त्याने विचारलं, "वाघ नाई का?" तुम्ही म्हणालात, "तुमी फाटक उघडा, पुढच्या बारीले वाघ आणतो." त्याने उघडलं.

आपण तिघं त्या झाडांखाली गेलो. मान कितीही मागे टाकली तरी शेंडा दिसेना. सागाच्या पानांना किड्यांनी खाऊन खाऊन जाळी केली होती आणि प्रत्येक छिद्रातून ऊन येत होतं. मी म्हटलं, चाचा, आजच्यासाठीच आपण दोन वर्षं भोकं पाडली की काय! चाची एका मुळावर बसून डबा सोडत होती. मी चांदणीची पत्ती सोडून तिच्यावर फोकस लावला. पडद्यावर चाची मधोमध साफ, तिच्या ओढणीचा काठसुद्धा मोजता यावा असा, आणि भोवती सगळं हिरवं-सोनेरी, पुसलेलं, गोल गोल फिरणारं.

तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंत. बराच वेळ. मग अगदी सहज, कुणाला पत्ता सांगावा तसं म्हणालात, "असंच तं दिसते मले."

"काय?"

"मधी साफ. कडेनं सारं पुसलेलं. फक्त हे चांदण्या नाई येत."

मी हसले. मला ती गंमतच वाटली. पण चाची उठली. डबा तिथेच ठेवून ती आली, मला बाजूला करून तिने कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. तिच्या जागी आता नुसतं मूळ दिसत होतं, आणि भोवती ते पुसट जंगल.

"कवापासून?" तिने विचारलं.

तुम्ही वर सागाच्या शेंड्यांकडे बघायला लागलात.

"कवापासून असं दिसते तुमाले?"

"झाले असतील दोन बरस. बीच का काम चालते ना. भिंगात सारं दिसते. मंग काऊन सांगाचं?"

तेव्हा मला एकदम सगळं आठवलं. माझ्या दुकानाबाहेरच्या पाटीला तुम्ही तीनदा धडकला होतात, आणि मी ओरडले होते, चाचा, चष्मा बदला, आणि तुम्ही म्हणाला होतात, पाटी हलव. तुमची पत्ती एका केसाने चुकत नव्हती, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. मलाही नाही, आणि मी तर डोळ्यांच्याच धंद्यात आहे.

चाची म्हणाली, "मी बाजूनं चहा धरतो, तुमी घेत नाई. मी आवाज न देता बाजूले बसतो, तुमी पाहत नाई. मले वाटलं, आता ह्या मानसाले मी नकोशी झाली." तिचा आवाज चढला होता. "एवढं मले वाटू देलं तुमी? दोन बरस?"

तुम्ही खाली बघत होतात. "तुले सांगतलो असतो तं तू दुकान बंद कराले लावली असती."

चाची तुमच्या समोर गेली. अगदी समोर, नाकासमोर. "आता दिसतो का मी?"

"दिसते ना."

"बस्स. इथीच उभी राहीन मंग."

चाचा, मी त्या दिवशी सत्तरेक फोटो काढले, पण त्या क्षणाचा काढला नाही. बोट बटणावर होतं. नाही दाबवलं. त्याचं मला आजही बरं वाटतं.

परतताना चाचीचं मौन सुटलं होतं, आणि ते असं सुटलं की थेट आरमोरीपर्यंत ती तुम्हाला बोलत होती. तुम्ही पुढच्या सीटवर, समोर बघत, हसत. पुढच्याच आठवड्यात तुम्हाला नागपूरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेलं येणार नाही, पण औषध टाकलंत तर उरलेलं राहील. सकाळ-संध्याकाळ चाची दुकानात येऊन तुमच्या डोळ्यांत थेंब टाकायची, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. दुकान बंद करायचं मात्र तिने एकदाही म्हटलं नाही. उलट तुमचा टेबल तिने भिंतीकडून हलवून दाराकडे तोंड करून लावला, म्हणजे येणारा माणूस तुम्हाला सरळ समोर दिसेल. मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त माझी पाटी हलवली.

त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही सगळ्यात जास्त पत्त्या कापल्यात. मोहाचं फूल, बिबळ्याचा पंजा, त्या वनरक्षकाला दिलेल्या शब्दासाठी वाघ, जो फोटोत नेहमी म्हशीसारखा दिसला. माझ्या स्टुडिओत लोक पुन्हा यायला लागले. कुरखेड्याचे, वैरागडचे, मागे आपले मासे-चांदण्या असलेले फोटो मागणारे. पण खरं सांगू? लोक आले नसते तरी मला चाललं असतं. मी ज्या दिवशी ती लेन्स आणली त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्टुडिओ बंद करायचं ठरवलं होतं. बाबांनाही सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला म्हणून भिंतीपलीकडे आले होते, हातात लेन्स होती म्हणून आधी पत्तीचं बोलले. तुम्ही "गोलच पाहिजे का?" विचारलंत, आणि माझं सांगायचं राहून गेलं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. वाटायचं, सांगू कधीतरी निवांत. तुम्ही माणूसच असा होतात की निवांत बसलं की भांडण सुरू व्हायचं.

शेवटचं बोलणंही भांडणाचंच. संध्याकाळी तुम्ही दुकान बंद करत होतात आणि म्हणालात, "पुढचे मासे तूच उलटे करून राह्यली, मले माहीत हाय." मी म्हटलं, उद्या मेणबत्ती घेऊन येते, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते. "ये, ये. चहा पण आण." पहाटे तुमच्या घरून निरोप आला. झोपेतच, म्हणाले. मी चप्पल न घालता धावले होते. ते जाऊ द्या.

परवा चाचीने मला बोलावलं. ती इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, पण मागच्या अंगणात बसते. तिने तुमच्या दुकानातली पेटी घरी आणवली होती. शेवटी ज्यावर काम करत होतात ती पत्ती अजून लाकडी शिकंज्यात अडकलेली होती. भोक अर्धंच कापलेलं. एका बाजूची कड कानशीने गुळगुळीत केलेली, दुसऱ्या बाजूला नुसती टोकाने ओढलेली रेघ, आणि तीही तुम्ही दोन-तीनदा बदललेली.

"काय होय हे?" चाचीने विचारलं.

मी उजेडात धरून बघितलं. उलटी केली. "आंबा असेल चाची. नाहीतर बदक."

"बदक? मले तं किटली वाटते."

"पूर्ण करू का मी? रेघेवरून कापता येईल."

"कोणत्या रेघेवरून? त्यानचंच ठरलं नव्हतं." तिने पत्ती माझ्या हातातून घेतली, ओढणीने पुसली आणि परत दिली. "अशीच लाव."

सकाळचे नऊ वाजले होते. तिने नुकतंच झाडांना पाणी घातलं होतं आणि पेरूच्या पानांवर, भिंतीवरच्या वेलावर ऊन पडलं होतं. मी काळा रंग वगैरे काही न लावता पत्ती तशीच फटीत सोडली आणि जवळच्या फांदीवर फोकस केला. मागे सगळ्या अंगणात ते आकार उठले. अर्धे गोल, अर्धे टोकदार, ना आंबा, ना बदक, ना किटली. मी कॅमेरा चाचीपुढे धरला. तिने बघितलं. मान तिरपी करून बघितलं. पुन्हा सरळ करून बघितलं.

"रंजू," ती म्हणाली, "हे त्यानले तरी मालूम होतं का, काय होय म्हणून?"

"मला नाही वाटत चाची."

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. तिचं बघून मला आवरेना. आम्ही इतक्या हसलो की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. मय्यतीच्या घरात हे काय चाललंय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. चाचीने तिच्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि मला म्हणाली,

"काढ ना अजून एक."